मूकपटांतील युद्धदृश्ये

मूकपटांतील युद्धदृश्ये : ध्वनिविरहित चित्रपटांत हेतुपुरस्सर रचून व अभिनीत करून चित्रित केलेले लढायांचे, वेढ्यांचे आणि द्वंद्वांचे प्रसंग. प्रत्यक्ष रणभूमीवर जाऊन घेतलेल्या वार्ताचित्रणाहून ही दृश्ये तत्त्वतः वेगळी होत. तथापि चित्रपटाच्या आरंभकाळात या दोहोंमधील सीमारेषा पुसट होती. मराठी प्रदेशात या प्रकाराची वाढ मुख्यत्वे १९२० ते १९३१ या काळात आणि प्राधान्याने कोल्हापूर येथे झाली. मराठ्यांच्या इतिहासात गडावरील छापे आणि खिंडीतील झुंजी यांच्याबरोबरच मोठ्या मैदानी लढायाही आहेत. बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन (१७६३) व त्या जिल्ह्याच्या सीमेलगतचे खर्डा (१७९५) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. मूकपटाने मात्र बहुतांशी गड आणि खिंड यांचीच निवड केली. ही निवड केवळ साधनांच्या तुटवड्यामुळे झाली नाही. तीत त्या माध्यमाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही व्यक्त झाली आहेत. या कलाप्रकाराचे मूल्यमापन करताना हा मुद्दा मध्यवर्ती ठरतो.

पूर्वपीठिका : युद्धाचे कृत्रिम चित्रण चित्रपटाइतकेच जुने आहे. १८९७ मध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात युद्ध चालू असताना झॉर्झ मेल्येस या फ्रेंच निर्मात्याने पॅरिसजवळील आपल्या चित्रपटगृहशाळेत त्या युद्धातील प्रसंग रचून चित्रित केले. पुढील वर्षी स्पेन-अमेरिका युद्धाच्या वेळी आल्बर्ट स्मिथ व स्ट्यूअर्ट ब्लॅक्टन यांनी सँटिआगोच्या उपसागरातील आरमारी लढाई टेबलावरील उथळ पाण्यात, कागदी जहाजे व तंबाखूचा धूर यांच्या साहाय्याने उभी केल्याचे स्मिथ यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. बोअर युद्धाचे अनेक प्रसंग इंग्लंडमधील ब्लॅकबर्न शहराच्या परिसरात, मिचेल व केन्यन या संस्थेने स्थानिक माणसांकरवी सादर करून चित्रित केले होते. अशा फिती पाहणाऱ्या प्रेक्षकांपैकी कित्येकांना त्या प्रत्यक्ष युद्धाच्याच वाटत. प्रेक्षकाची ही समजूत पुढेही टिकून राहिली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शासनाच्या प्रोत्साहनाने तयार झालेला ‘द बॅटल ऑफ द सॉम’ (१९१६) हा चित्रपट बव्हंशी प्रत्यक्ष चित्रणावर आधारलेला असला, तरी त्यातील सैनिक खंदकातून बाहेर पडून चाल करीत असल्याचे सर्वाधिक गाजलेले दृश्य आघाडीपासून दूर रचण्यात आले होते.

कथाचित्रपटात मात्र रचितपणा लपविण्याची गरज नव्हती. जोव्हान्नी पास्त्रोने यांच्या ‘काबीरिया’ (१९१४) या इटालियन चित्रपटाने भव्य नेपथ्य आणि फिरता कॅमेरा यांचा मेळ घातला. डेव्हिड ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) या अमेरिकन चित्रपटात पीटर्सबर्गच्या लढाईचे विस्तीर्ण दूरदृश्य आणि एकेका सैनिकाचे समीपदृश्य आलटून पालटून दाखविण्यात आले. रणांगणाचा विस्तार आणि त्यातील एका माणसाची अवस्था यांचा संबंध संकलनाने जोडता येतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. हा चित्रपट त्यातील वर्णद्वेषामुळे आजही निंद्य मानला जातो. कौशल्याने रचलेले युद्धदृश्य असत्य इतिहासालाही विश्वसनीयता प्राप्त करून देऊ शकते, याचा तो इशाराच होय.

फाळके यांचे पौराणिक झुंजप्रसंग : भारतीय कथाचित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी सैन्यांच्या लढाईपेक्षा अद्भुत पराक्रमाच्या चित्रणावर भर दिला. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये शत्रूच्या नगरीचा विध्वंस आगीने होतो, तर ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने साकारलेला बालकृष्ण यमुनेच्या डोहात कालियाशी झुंजतो. या दोन्ही चित्रपटांचे काही भाग उपलब्ध आहेत. कालियाशी होणाऱ्या झुंजीचे यश योजनाबद्ध साधेपणात आहे. एक बालक, एक महाकाय सर्प आणि पाण्याचा मर्यादित अवकाश एवढ्यावरच तो प्रसंग उभा असून कोण कोठे आहे आणि कोणाची सरशी होत आहे, याविषयी प्रेक्षकाला क्षणभरही संभ्रम पडत नाही. काठावरील गोकुळवासीयांची चिंता मधूनमधून दाखविल्यामुळे झुंजीला भावनिक संदर्भ मिळतो. झुंजणारे, त्यांचा अवकाश आणि ती झुंज पाहणारे समाजमन ही त्रयी पुढील ऐतिहासिक मूकपटांतही महत्त्वाची ठरली.

महाराष्ट्र फिल्म कंपनी व कोल्हापूरची परंपरा : बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचे मूळ आडनाव मेस्त्री. नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविणारे कसबी चित्रकार म्हणून ते प्रथम ख्यातनाम झाले. चुलतबंधू आनंदराव पेंटर यांच्यासह त्यांनी स्वतःचा चित्रण-कॅमेरा तयार करण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी तो तडीस नेला. तानीबाई कागलकर यांनी पुरविलेल्या भांडवलावर कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये तिचा ‘सैरंध्री’ हा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील भीमाने केलेला कीचकवध इतका वास्तव वाटला की, ते दृश्य वादाचा विषय झाले आणि परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीत सापडले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर.

पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने चित्रपटात सपाट रंगीत पडद्यांऐवजी घनाकृती नेपथ्याचा पुरस्कार केला, ही बाब युद्धदृश्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. रंगविलेल्या तटावर चढता येत नाही आणि रंगविलेल्या दाराला धडकही देता येत नाही. तट, पायऱ्या, बुरूज व दरवाजा यांना जाडी आणि खोली प्राप्त झाली, तरच त्यांच्या आधाराने झुंज रचता येते. याशिवाय कोल्हापुरात कुस्तीच्या तालमी होत्या, दांडपट्टा, लाठी आणि ढाल-तलवार यांच्या मर्दानी खेळांची परंपरा होती आणि शहरापासून सु. २० किमी. अंतरावर पन्हाळ्यासारखा दुर्ग होता. बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार यांच्यासारखे धिप्पाड देहयष्टीचे नट कंपनीत होते. पवित्रा, पट्ट्याचा फेर आणि अंगावर येणारा वार चुकविण्याची रीत या गोष्टी अशा वातावरणात वाढलेल्या माणसांना अभिनय म्हणून वेगळ्या शिकवाव्या लागत नसत. मुंबईच्या चित्रपटनिर्मितीहून कोल्हापूरची युद्धदृश्ये वेगळी ठरली, त्यामागे ही सामाजिक व भौगोलिक पार्श्वभूमी आहे.

‘सिंहगड’ (१९२३) : हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट मराठी ऐतिहासिक मूकपटांचा आदर्श मानला जातो. त्याचे दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचे असून शिवाजी महाराजांची भूमिकाही त्यांनीच केली. शेलारमामाच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. तानाजी मालुसरे यांनी ४ फेब्रुवारी १६७० रोजी रात्री कोंढाण्यावर घातलेला छापा हा त्याचा मुख्य विषय होय.

या विषयाची खरी अडचण रात्रीची होती. त्या काळची फिल्म मंद गतीची असल्यामुळे चित्रणाला कडक सूर्यप्रकाश लागे. रात्रीचा प्रसंग दिवसा घेऊन त्या फितीला निळ्या रंगात बुडविण्याचा प्रघात होता आणि निळी छटा म्हणजे रात्र हा संकेत प्रेक्षकांनी स्वीकारला होता. तथापि कोंढाण्याच्या छाप्याचा सारा अर्थच अंधारात सामावलेला आहे. मोजके मावळे अवघड कड्याने चढून येतात आणि गडावरील शिबंदीला त्याची चाहूल लागत नाही, हे उन्हातल्या सावल्या पडलेल्या चित्रणात पटणारे नाही. ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. भारतीय चित्रपटातील या तंत्राचा तो अगदी आरंभीचा उपयोग मानला जातो. यामुळे अंधार हा कथानकाचा घटक झाला. प्रकाश हवा तेवढाच पाडता येऊ लागला की, दिग्दर्शक प्रेक्षकाची दृष्टी नेमकी वळवू शकतो, आणि थोड्या माणसांच्या बळावर मोठ्या झुंजीचा आभासही निर्माण करू शकतो. कारण न दिसणारी फौज प्रेक्षक आपल्या कल्पनेने पूर्ण करतो.

कथेच्या रचनेचाही येथे विचार केला पाहिजे. चढाई, तटावरील गाठ, तानाजी व उदयभान यांचे द्वंद्व, नायकाचा मृत्यू, कच खाणाऱ्या मावळ्यांना पुन्हा उभे करणे आणि गडाचा ताबा या टप्प्यांत लढाई आपोआप विभागली जाते. प्रत्येक टप्प्याला निश्चित जागा आहे आणि प्रत्येक जागा पूर्वीच्या जागेहून उंच आहे. शब्दांचा आधार नसलेल्या माध्यमाला असा चढता क्रम अत्यंत अनुकूल ठरतो. या चित्रपटाने प्रेक्षकांची इतकी गर्दी खेचली की, मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये लागू झालेल्या करमणूक कराचे निमित्त हीच गर्दी होती, असे सांगितले जाते.

तंत्र व त्याचे परिणाम : मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे आणि सेकंदाला साधारणपणे १६ ते १८ चौकटी टिपल्या जात. छायाचित्रकाराने हात जरा संथ फिरविला की, पडद्यावरील हालचाल वेगवान होई. घोड्यांची दौड आणि तलवारीचे फेर यांना अशा रीतीने त्वेष आणता येई आणि नटांना सावकाश, म्हणून सुरक्षितपणे, वार करता येत. याच युक्तीचा अतिरेक झाला म्हणजे गंभीर झुंज हास्यास्पद होई. मूकपटांविषयी पुढे रूढ झालेल्या उपहासाचे हे एक कारण आहे. अर्थात या काळातील फिती पुढे बोलपटाच्या वाढीव गतीने दाखविल्या गेल्या, त्यामुळेही ही हालचाल विपर्यस्त दिसू लागली. मूळ दोष सर्वस्वी चित्रणकर्त्यांचा नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

तत्कालीन फिल्मला तांबडा रंग जवळजवळ जाणवत नसे. परिणामी रक्त काळे दिसे, भगवा ध्वज काळपट होई आणि निळे आकाश पांढरेफटक पडे. ध्वजाचा अर्थ रंगाने सांगता येत नसल्याने तो आकाराने, वाऱ्यावरील फडफडीने आणि तो धरणाऱ्या हाताच्या आवेशाने सांगावा लागे. दोन सैन्ये एकमेकांत मिसळल्यानंतर वेषाच्या रंगावरून ती ओळखता येत नसत. म्हणून पागोट्याची घडण, चिलखत, ढालीचा आकार आणि विशेषतः हालचालीची दिशा यांवर भिस्त ठेवावी लागे. एक पक्ष सतत डावीकडून व दुसरा उजवीकडून येत राहिला, तर लढाई समजते. हा नियम मोडला की, नुसती धूळ आणि धावपळ उरते. या काळातील गर्दीच्या दृश्यांत हा दोष वारंवार आढळतो.

रणवाद्ये व गर्जना यांची उणीव चित्रपटगृहात भरून काढली जाई. पेटी, तबला व अन्य वाद्ये यांची साथ असे आणि मराठी, हिंदी, गुजराती वा इंग्रजी उपशीर्षकांमुळे चित्रपट निरनिराळ्या भाषिक प्रेक्षकांपर्यंत पोचत. आवेशाने केलेल्या भाषणांनी भरलेल्या ऐतिहासिक नाटकांच्या पार्श्वभूमीवर मूकपटातील वीराला आपले शौर्य कृतीनेच सिद्ध करावे लागले, हा या उणिवेचा इष्ट परिणाम म्हणता येईल.

गड, खिंड आणि मैदान : ‘सिंहगड’नंतरच्या प्रमुख चित्रपटांतील विषयांची निवड उद्‌बोधक आहे. व्ही. शांताराम यांनी केशवराव धायबर यांच्या समवेत दिग्दर्शित केलेला ‘नेताजी पालकर’ (१९२७), बाबूराव पेंटर यांचा ‘बाजीप्रभु देशपांडे’ (१९२९) आणि प्रभात फिल्म कंपनीचा ‘उदयकाल’ (१९३०) हे सर्व शिवकालाशी निगडित आहेत. पावनखिंडीची झुंज (१६६०) अरुंद वाटेवर घडते, तर ‘उदयकाल’च्या केंद्रस्थानी स्वराज्यस्थापनेचा आरंभकाळ व गड जिंकण्याचा प्रसंग आहे. अशा जागी मोजके लोक पुष्कळांना थोपवू शकतात; म्हणूनच मोजक्या नटांनिशी ही लढाई पडद्यावर खरी वाटते. भूगोलाने जे शस्त्र मावळ्यांच्या हाती दिले, तेच दिग्दर्शकाच्याही हाती दिले, असे म्हणता येईल.

याउलट राक्षसभुवनच्या लढाईचे स्वरूप पाहावे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे माधवराव व रघुनाथराव यांच्या फौजांनी निजाम अलीच्या सैन्याचा पराभव केला. त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले होते. पावसाळ्यात दुथडी भरलेली नदी ओलांडून निजाम अली सैन्याच्या एका भागासह पैलतीरी गेलेला असताना त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उर्वरित फौजेसह अलीकडे राहिला. मराठ्यांनी त्याच्यावर हल्ला केला. रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले असता तरुण माधवराव त्यांच्या मदतीस धावले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पैलतीरावरील निजाम अलीला पुरामुळे काहीही करता आले नाही.

या प्रसंगात नाट्याची उणीव नाही. असहाय होऊन आपल्या सैन्याचा नाश पाहणारा एक सत्ताधीश, राज्यकारभारात आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या चुलत्याला वाचविणारा पुतण्या आणि मध्ये वाहणारी नदी ही त्याची अंगे आहेत. परंतु त्याचे मर्म एका ठिकाणी उभे राहून दिसत नाही. अलीकडील तीर, पलीकडील तीर, वेढलेली तुकडी आणि मदतीस निघालेली तुकडी अशी चार ठिकाणे एकाच वेळी ध्यानात ठेवावी लागतात. ग्रिफिथ यांनी वापरलेल्या समांतर संकलनाचे जे तंत्र अशा लढाईला लागते, ते मराठी मूकपटाने द्वंद्वे व सुटकेचे प्रसंग यांपुरते आत्मसात केले; सैन्याच्या डावपेचांसाठी त्याचा उपयोग करण्याकडे त्याचा कल नव्हता. खर्ड्याची लढाई (११ मार्च १७९५) ही तर तोफखाना, घोडदळ आणि अनेक सरदारांच्या फौजा यांची व्यापक हालचाल असल्याने तिचे चित्रण आणखी अवघड होते. बोलपटाच्या काळातही ही निवड फारशी बदलली नाही. शांताराम यांचा ‘सिंहगड’ (१९३३), भालजी पेंढारकर यांचा ‘पावनखिंड’ (१९५६), तसेच अलीकडील हिंदी ‘तान्हाजी’ (२०२०) आणि मराठी ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटांतून त्याच दोन झुंजी पुनःपुन्हा पडद्यावर आल्या.

राजकीय परिस्थितीचाही येथे विचार करावयास हवा. मूकपटांच्या काळात बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता व १९४८ पर्यंत तेथे निजामाचीच सत्ता होती. धीरेन गांगुली यांनी हैदराबादेत १९२२ च्या सुमारास लोटस फिल्म कंपनी स्थापून काही चित्रपट निर्मिले होते. परंतु १९२४ मध्ये त्यांनी आपल्या चित्रपटगृहात ‘रझिया बेगम’ हा मुंबईत तयार झालेला चित्रपट दाखविल्यावर निजामाने त्यांना संस्थान सोडण्यास भाग पाडले. जेथे दूरच्या दिल्लीतील एका सुलतान-राणीची प्रेमकथा असह्य ठरली, तेथे निजाम घराण्याच्या पूर्वजाचा पराभव त्याच भूमीवर चित्रित होणे संभवनीय नव्हते, असे अनुमान करण्यास जागा आहे. सह्याद्रीतील गड तत्कालीन मुंबई इलाख्यात व कोल्हापूरसारख्या संस्थानांत होते; गोदातीराची रणभूमी तशी मोकळी नव्हती. मराठवाड्यातील प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर मराठ्यांचा इतिहास चित्ररूपाने आला तो त्यामुळे सह्याद्रीच्या कड्यांवरचा होता; त्याच्या स्वतःच्या परिसरातील रणभूमी केवळ ग्रंथांत आणि लोकस्मृतीत राहिली.

परिनिरीक्षण आणि राजकीय आशय : ब्रिटिश अमदानीतील परिनिरीक्षण मंडळांना युद्धदृश्यांचे सामर्थ्य चांगले ठाऊक होते. पौराणिक वा ऐतिहासिक शत्रूच्या जागी प्रेक्षक समकालीन राज्यकर्त्याला पाहतो, हे उघड होते. ‘उदयकाल’च्या मूळ नावातील ‘स्वराज्य’ या शब्दाला मंडळाने हरकत घेतल्यामुळे चित्रपटाचे नाव बदलावे लागले आणि विजयानंतर ध्वज फडकविण्याचे दृश्यही आक्षेपार्ह ठरले. झुंजीतील मारामारीपेक्षा झुंजीनंतर उभारलेला ध्वज मंडळाला अधिक धोक्याचा वाटला. युद्धदृश्याचा अर्थ त्यातील प्रहारांत नसून ते कशासाठी लढले गेले यात असतो, हे या आक्षेपाने नकळत मान्य केले, असे म्हटले पाहिजे. १९३० हे सविनय कायदेभंगाचे वर्ष होते, ही पार्श्वभूमीही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

इतिहास आणि आख्यायिका : या दृश्यांची गंभीर मर्यादा ऐतिहासिक सत्याच्या बाबतीत दिसून येते. तानाजीच्या मोहिमेविषयीच्या लोकप्रिय कथेत घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याचा प्रसंग येतो. ही कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याच्या परंपरेतून प्रसृत झाली. सभासद बखरीतील वर्णनात घोरपडीचा उल्लेख नाही. आपट्यांच्या कादंबरीतील कमलकुमारीचे उपकथानक हे कल्पित आहे. पोवाडा ऐकणारा श्रोता शाहिराची अतिशयोक्ती अतिशयोक्ती म्हणून ओळखतो आणि कादंबरीच्या वाचकालाही लेखकाच्या कल्पनेची जाणीव असते. छायाचित्राची प्रकृती वेगळी आहे. जे समोर होते तेच कॅमेऱ्याने टिपले, ही समजूत प्रेक्षकाच्या मनात खोलवर रुजलेली असते. त्यामुळे आख्यायिकेला पुराव्याचे रूप येते. ब्लॅकबर्नच्या परिसरातील लढाई ज्या कारणाने दक्षिण आफ्रिकेतील वाटली, त्याच कारणाने कल्पित उपकथानकही इतिहास वाटू लागते.

मैदानी लढायांच्या अनुपस्थितीचा परिणामही याच संदर्भात जाणवतो. छापा, द्वंद्व आणि आत्मबलिदान यांच्या पुनरावृत्तीमुळे मराठ्यांचे युद्ध म्हणजे मूठभर वीरांचा साहसी प्रयत्न, असे चित्र दृढ झाले. घोडदळाच्या लांब पल्ल्याच्या हालचाली, रसद, हेरगिरी, तहाच्या वाटाघाटी आणि ऋतुमानाचा हिशोब यांचे महत्त्व त्यात लोपले. राक्षसभुवनचा विजय पुराच्या वेळेचा अचूक फायदा घेतल्याने मिळाला होता. अशा विजयाला पडद्यावरील वीरगाथेत स्थान मिळाले नाही. पराक्रम आणि नियोजन यांपैकी केवळ पहिल्याचीच स्मृती चित्रपटाने जोपासली, हा दोष लहान नव्हे.

साधनांची स्थिती : भारतात सु. १,३०० मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी संपूर्ण वा अंशतः टिकलेल्यांची संख्या तीसच्या आसपास भरते. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म, आगी, दमट हवा आणि जुन्या फितींतील चांदी काढून घेण्याचा व्यवहार ही या नाशाची कारणे होत. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोपर्यंत बहुतेक हानी झाली होती. त्यामुळे कोल्हापूरच्या युद्धपटांचा विचार मुख्यत्वे स्थिरचित्रे, जाहिराती, परिचयपुस्तिका आणि कलावंतांच्या आठवणी यांच्या आधारे करावा लागतो. या साधनांतून वेष, नेपथ्य व प्रकाशयोजना यांची कल्पना येते. हालचालींची लय आणि संकलन यांविषयी मात्र सावधपणे बोलणे भाग पडते. जपून राहिलेल्या चित्रपटांत पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, जी. पी. पवार दिग्दर्शित ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा एक उल्लेखनीय चित्रपट असून त्यात अंबू ऊर्फ ललिता पवार यांची भूमिका आहे. काल्पनिक राज्यातील या साहसकथेत चपळ तलवारबाजी आणि कसरतीची कौशल्ये यांची रेलचेल आहे. मूकपटाच्या अखेरच्या टप्प्यात झुंजीचे तंत्र किती सफाईदार झाले होते, हे तीवरून दिसते. त्याचबरोबर ते उद्दिष्टापासून सुटून निव्वळ करमणुकीकडे कसे झुकले, हेही दिसते.

मूल्यमापन : १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले. आरंभीच्या ध्वनिमुद्रणाच्या अडचणींमुळे कॅमेरा एका जागी खिळला आणि मोकळ्या अवकाशातील झुंजीची परंपरा काही काळ खंडित झाली. संवाद व पदे यांनी पुन्हा वर्चस्व मिळविले. या पार्श्वभूमीवर मूकपटांच्या युद्धदृश्यांची कामगिरी अधिक स्पष्ट होते. पोवाड्याने ऐकविलेला आणि नाटकाने बोलून दाखविलेला पराक्रम त्यांनी दृश्य केला. रंगविलेल्या पडद्याच्या जागी चढता येईल असा तट उभा केला. अंधार, उंची व अरुंद वाट यांना नाट्यार्थ दिला. आणि परतंत्र समाजाला आपल्या इतिहासातील विजय डोळ्यांनी पाहण्याची संधी दिली.

भव्यता हा या दृश्यांचा निकष मानणे योग्य होणार नाही. परदेशी चित्रपटांतील सहस्रावधी माणसांच्या तुलनेत कोल्हापूरची फौज अगदी तोकडी होती. परंतु कोण, कोठे आणि कशासाठी लढत आहे, याचे उत्तर जेथे चित्रातूनच मिळते, तेथे ती दृश्ये कोणत्याही भव्य चित्रणाच्या तोडीची ठरतात. जेथे हे उत्तर मिळत नाही, तेथे माणसे वाढवून काही साधत नाही. त्यांची उणीव गडांच्या निवडीत नसून त्या निवडीच्या अखंड पुनरावृत्तीत आहे. प्रारंभीच्या दिग्दर्शकांनी आपल्या साधनांच्या मर्यादेत जे शक्य होते ते निवडले; नंतरच्यांनी विपुल साधने हाती असूनही तीच चाकोरी पुढे चालविली. त्यामुळे सह्याद्रीचे कडे पडद्यावर वारंवार दिसले आणि राक्षसभुवनसारख्या गोदातीरावरील रणभूमीला त्या चित्रमय इतिहासात जागा मिळाली नाही. मराठी मूकपटातील युद्धदृश्यांचा वारसा स्वीकारताना त्यांनी दाखविलेला पराक्रम आणि त्यांनी दृष्टीआड केलेला इतिहास या दोहोंची नोंद घेणे अगत्याचे आहे.